दिवाणीत नवीन आलात? आधी फाईल वाचायला शिका

सनद मिळाली, कोट शिवून झाला, आणि आता कुठल्यातरी सिनियरकडे दिवाणीचं काम शिकायचं ठरवलंय, अशा पोरापोरींसाठी हे लिहितेय. मी तालुक्याच्या कोर्टात अकरावं वर्ष काम करतेय, जवळपास सगळं दिवाणीच, म्हणजे वाटपाचे दावे, मनाईचे दावे, करारपूर्ती, रस्त्याची भांडणं, भाडेकरू, आणि मग त्यांच्या दरखास्ती, म्हणजे निकालाची अंमलबजावणी. दरवर्षी चार-दोन नवीन मुलं येतात आणि सहा महिन्यांत म्हणायला लागतात की मॅडम दिवाणीत काही होत नाही हो, नुसत्या तारखा पडतात, आम्ही क्रिमिनलला जातो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना कुणी बसवून सांगितलेलंच नसतं की बघायचं काय आणि शिकायचं कुठून. फौजदारीत आज जामीन झाला की संध्याकाळी माणूस घरी येतो, काम डोळ्याला दिसतं. दिवाणीत दावा जिंकला जातो तो बऱ्याचदा दाखल व्हायच्या आधीच, ऑफिसच्या टेबलावर, सातबारे आणि फेरफार समोर पसरून, आणि तिथे बघायला कुणी नसतं.

सनदेचं पटकन सांगते, कारण त्यात फार शिकण्यासारखं नाही. नोंदणी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे. जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा, आणि एससी-एसटी उमेदवारांकडून १२५ पेक्षा, जास्त नोंदणी फी घेता येत नाही, स्टॅम्प ड्युटी लागत असेल तर ती वेगळी. नंतर दोन वर्षांच्या आत ऑल इंडिया बारची परीक्षा पास व्हायची, १०० प्रश्न, ४५ टक्के, एससी-एसटी आणि दिव्यांगांना ४०. नुसते बेअर ॲक्ट आत नेता येतात, त्यावर काही लिहिलेलं चालत नाही, म्हणून आधीपासून कोऱ्या बेअर ॲक्टमध्ये कलम शोधायची सवय लावा, ती पुढे कोर्टातही कामाला येते. बॅरिस्टर वगैरे भेद आपल्याकडे आता नाहीत, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टपासून सगळे ॲडव्होकेट. माझे आजोबा शेवटपर्यंत मला बॅरिस्टर बाई म्हणायचे, त्यांच्या पिढीच्या मनात बाबासाहेबांचा फोटो आणि तो शब्द एकत्रच होता.

आता सिनियर कुणाकडे लागायचं. मोठं नाव बघून जाऊ नका. ज्याच्याकडे पुरावा चालतो त्याच्याकडे जा. हे कसं कळणार, तर आठ दिवस कोर्टात नुसतं मागे बसा आणि बघा कोण उलटतपास घेतंय, कोण युक्तिवाद करतंय, आणि कोण नुसता मुदतीचा अर्ज टाकून बार रूममध्ये जातंय. काही ऑफिसांत काम भरपूर असतं पण सगळं तडजोडीवर आणि तारखांवर चालतं, तिथे तीन वर्षं काढली तरी साक्षीदार कसा तपासायचा ते दिसणार नाही. दुसरं म्हणजे सिनियर फाईल हातात देतो का. मला माझ्या सरांनी पहिल्याच आठवड्यात कपाटाची किल्ली दिली होती आणि म्हणाले होते, निकाल लागलेल्या फायली वरच्या कप्प्यात आहेत, रोज एक वाच आणि मला सांग वादी का हरला. तीन-चार महिने मी तेवढंच केलं, आणि आज जे काही येतं त्यातलं निम्मं त्या कप्प्यातलं आहे.

पैशाचं स्पष्ट बोलायला हवं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली आहे, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही, आणि तालुक्याला बहुतेक ठिकाणी एवढं कुणी देत नाही. मला सुरुवातीला महिन्याला २,००० मिळायचे, ते पेट्रोलातच जायचे. म्हणून येताना घरच्यांशी नीट बोलून या, दोन-अडीच वर्षं आपण घरावर अवलंबून असणार हे त्यांना माहीत असू दे, लपवू नका. आणि सिनियरला पहिल्या दिवशी विचारायला लाजू नका की सर मला महिन्याला काय मिळेल. विचारलं म्हणून चांगला सिनियर नाराज होत नाही. ज्यांच्या घरची परिस्थिती नाही त्यांनी संध्याकाळी दस्ताचे मसुदे, टायटल सर्चची कामं घ्यावीत, दुय्यम निबंधकाकडे जाऊन तीस वर्षांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, बघायचे, त्यात चार पैसे मिळतात आणि दस्त वाचायची नजर तयार होते ती फुकट.

पहिले सहा महिने काय करायचं? डायरी. हसण्यावारी नेऊ नका, दिवाणी वकिलाची अर्धी इज्जत डायरीत आहे. रोज संध्याकाळी उद्याचा बोर्ड, म्हणजे उद्याच्या प्रकरणांची यादी, काढायचा, प्रत्येक फाईलला आज काय स्टेप आहे ते लिहायचं, आणि कोर्ट सुटल्यावर काय झालं, पुढची तारीख काय, आपल्याला काय करायचंय, हे तिथेच उभं राहून लिहायचं. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये १६ अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकला की तारीख दिसते, सगळ्या फायलींचे नंबर सेव्ह करून ठेवा, पण ॲपवर विसंबून राहू नका, आधी रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं याची कोर्टाची नोंद, वाचा. रोजनाम्यात काय लिहिलंय तेच खरं. तुम्ही हजर होता आणि रोजनाम्यात वादी व वकील गैरहजर पडलं असेल तर तुम्ही गैरहजरच. दावा काढून टाकला गेला तर पुन्हा बोर्डावर घ्यायच्या अर्जाला ३० दिवस, एकतर्फी हुकूमनामा (एकाच बाजूचं ऐकून दिलेला निकाल) झाला तर तो रद्द करायच्या अर्जालाही ३० दिवस (समन्स नीट बजावलंच नसेल तर कळल्यापासून), जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस. निकाल लागला की त्याच दिवशी नक्कलेचा अर्ज टाका, जिंकलात तरी टाका. नक्कल मिळेपर्यंतचे दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्जच उशिरा केला तर ते दिवस गेले.

आणि ऑफिसमधल्या माणसांशी नीट वागा. टेबलाचे क्लार्क, नाझर विभाग, बेलिफ, नक्कल विभाग, पुकारा करणारे शिपाई, हे लोक वीस-वीस वर्षं तिथे आहेत, त्यांना कुठला कागद कुठे अडकतो ते तोंडपाठ असतं. समन्सचा भत्ता कसा भरायचा, पत्ता अपुरा असला की बेलिफ काय शेरा मारून परत करतो, हे मला एका बेलिफ काकांनी चहाच्या टपरीवर शिकवलं, ते मी आजही विसरलेले नाही. त्यांना नावाने, मानाने बोला.

आता खरं काम, पक्षकार समोर बसतो तेव्हा. तो येताना गोष्ट घेऊन येतो, चुलत्याने काय केलं, वहिनी काय बोलली, पोलीस पाटील कसा त्यांच्या बाजूचा आहे. ऐकून घ्या, पूर्ण ऐका, त्याला बोलून मोकळं व्हायचं असतं. पण पेन उचलायचं ते वंशावळ काढायला. मूळ पुरुष कोण, त्याला किती मुलं, किती मुली, कोण कधी वारलं, दोन लग्नं झाली होती का. वाटपाच्या दाव्यात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, बहिणी सुटतात. पक्षकार सांगतच नाही, विचारलं तर म्हणतो त्या दिल्या घरी सुखी आहेत त्यांना काही नको. त्यांना नको असेल तर रजिस्टर हक्कसोड (हिस्सा सोडल्याचा दस्त) दाखवा, नाहीतर त्यांना पक्षकार करा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच हक्क आलाय आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्यासाठी बाप २००५ ला जिवंत असायची गरज नाही. बहीण सोडून केलेला वाटपाचा दावा पाच वर्षं चालून आवश्यक पक्षकार नाहीत म्हणून पडताना मी पाहिलाय, आणि त्या पाच वर्षांत वादीचे केस पांढरे झालेले.

मग कागद. पक्षकाराने आणलेल्या कागदांवर थांबायचं नाही. चालू सातबारा, आठ-अ, आणि सातबाऱ्यावर गोल करून जेवढे फेरफार नंबर दिसतात ते सगळे काढायचे, एकही सोडायचा नाही. जमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, त्यामुळे १९५०-६० च्या दस्तातला सर्व्हे नंबर आजच्या कुठल्या गटात बसतो याचा उतारा लागतो, तो नसेल तर तुमचा जुना दस्त आणि आजची जमीन यांचा सांधाच जुळत नाही. आणि हे मनात पक्कं करा की फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नोंद महसुलासाठी असते, सुप्रीम कोर्टाने हे कितीदा तरी सांगितलंय. मालकी दस्ताने येते, वारसाने येते, हुकूमनाम्याने येते. पक्षकार सातबारा नाचवत येतो की माझं नाव आहे, आणि दस्त काढल्यावर कळतं की नाव कशाच्या आधारे लागलं तेच कुणाला माहीत नाही. जमिनीला कधी कूळ होतं का तेही बघा, कुळाचा मुद्दा निघाला तर तो दिवाणी कोर्टाला ठरवता येत नाही, तहसीलदाराकडे पाठवावा लागतो आणि तेवढा काळ दावा जागेवरच थांबतो.

जागेवर जा. हे मी हात जोडून सांगते, प्रत्येक मिळकतीच्या दाव्यात दावा लिहायच्या आधी एकदा जागेवर जा. माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. मनाईचा दावा होता, १९८७ चं खरेदीखत होतं, मी त्यातल्या चतुःसीमा जशाच्या तशा दाव्यात उतरवल्या, पूर्वेस अमुक यांची जमीन. टायपिंग छान, शुद्धलेखन छान. तीन वर्षांनी आमच्या वादीची उलटतपासणी सुरू झाली, ते सत्तरीचे गृहस्थ, समोरच्या वकिलांनी अगदी शांतपणे विचारलं, बाबा, तुमच्या रानाच्या पूर्वेला काय आहे? बाबा म्हणाले, रस्ता. पश्चिमेला? ओढा. दाव्यात दोन्ही नव्हतं. मधल्या काळात पूर्वेच्या शेजाऱ्याच्या जमिनीतून रस्ता झाला होता आणि पश्चिमेचा ओढा तर पहिल्यापासूनच होता, खरेदीखत लिहिणाऱ्याने ओढ्यापलीकडच्या मालकाचं नाव टाकलेलं. बाबा खरं बोलत होते, दावा चुकीचा होता, आणि तो मी लिहिला होता. दुरुस्तीचा अर्ज केला, पण पुरावा सुरू झाल्यावर दुरुस्ती मागायची तर एवढी काळजी घेऊनही हे आधी का लक्षात आलं नाही ते दाखवावं लागतं, आणि आम्ही काळजी घेतलीच नव्हती. कोर्टाने १,५०० रुपये खर्च भरायला लावून मंजूर केला, आठ महिने गेले. सर एक शब्द रागावले नाहीत, पण त्या बाबांनी कोर्टाबाहेर मला विचारलं, माझं काही चुकलं का गं पोरी? तो प्रश्न मला अजून आठवतो. त्यानंतर जागा न बघता मी एकही मनाईचा दावा लिहिलेला नाही. जाताना मोबाईलमध्ये होकायंत्र उघडा, चारी बाजूंना उभं राहून फोटो काढा, बांध कुठला, विहीर कुठे, विजेचा खांब कुठे, शेजारी आज कोण कसतोय, सगळं कागदावर हाताने काढा. तोच कच्चा नकाशा पुढे दाव्यासोबत लावता येतो.

दावा लिहिताना सुरुवातीला सिनियरच्या जुन्या दाव्यांचा साचा वापरा, त्यात काही कमीपणा नाही, पण साच्यातला प्रत्येक परिच्छेद स्वतःला विचारा की हा इथे का आहे. मिळकतीचं वर्णन, वंशावळ, हक्क कसा आला, प्रतिवादीने काय केलं, दाव्यास कारण कधी आणि कुठे घडलं, मुदत, आकारणी आणि कोर्ट फी, आणि सबब विनंती. विनंतीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. तुम्ही जे मागितलं नाही ते कोर्ट सहसा देत नाही. मालकीवरच वाद असेल आणि तुम्ही नुसती मनाई मागितली तर अडकता, ताबा गेलेला असेल आणि ताबा न मागता नुसती मालकी जाहीर करून मागितली तरी अडकता, यासाठी २००८ ची अनाथुला सुधाकर केस पाठ करा, मनाईचे निम्मे युक्तिवाद त्याच निकालाभोवती फिरतात. सरकार प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, सहकारी संस्थेविरुद्ध तिच्या कामकाजाबाबत असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १६४ ची. पक्षकार महिला असेल तर मिळकतीच्या काही वादांत कोर्ट फी माफीची १९९४ ची अधिसूचना आहे, ती विसरून कितीतरी बायकांकडून फी भरून घेतली जाते, हे मला अजिबात बरं वाटत नाही.

तालुक्याच्या कोर्टांची भाषा मराठी, शासनाची १९९८ ची अधिसूचना आहे, तेव्हा मराठीत लिहा, आणि लोकांना कळेल असं लिहा. दाखल करायच्या आधी पक्षकाराला दावा शब्दन् शब्द वाचून दाखवा. खाली तो सही करणार आहे की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे, आणि चार वर्षांनी त्यालाच पिंजऱ्यात विचारणार आहेत की परिच्छेद ६ मध्ये तुम्ही असं का लिहिलं.

दाव्याबरोबर तूर्तातूर्त मनाईचा अर्ज जातो, आपल्याकडे सगळे त्याला निशाणी ५ च म्हणतात. नवीन वकिलाला उभं राहून बोलायची पहिली खरी संधी बहुतेक इथेच मिळते. तीन गोष्टी दाखवायच्या असतात, सकृतदर्शनी केस, सोयी-गैरसोयीचा तोल, भरून न येणारं नुकसान, पण साहेबांना, म्हणजे न्यायाधीशांना, हे तीन शब्द पोपटासारखे ऐकवू नका, ते रोज दहादा ऐकतात. थेट कागद दाखवा. साहेब, निशाणी ३ सोबतचा अनुक्रमांक ४ चा फेरफार बघावा, १९९४ पासून ताबा वादीचा आहे, आणि मागच्या सोमवारी जेसीबी आणल्याचे हे फोटो. एवढं पुरतं. फोटो, व्हॉट्सॲप मेसेज लावणार असाल तर १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५ ब ऐवजी भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्याच्या दाखल्याला भाग अ आणि भाग ब दोन्ही लागतात, ब तज्ज्ञाने भरायचा असतो. पुराव्याच्या वेळी धावपळ करण्यापेक्षा मूळ मोबाईल जपून ठेवायला पक्षकाराला पहिल्याच दिवशी सांगा.

आणि एकतर्फी मनाई मिळाली की खरी धावपळ सुरू होते, इथे ज्युनियर पेढे वाटायला जातात. सीपीसीच्या ऑर्डर ३९ रूल ३ प्रमाणे अर्ज, शपथपत्र, दावा, कागद या सगळ्याच्या प्रती लगेच प्रतिवादीला द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायच्या, आणि पाठवल्याचं शपथपत्र त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचं. पोस्ट चारला बंद होतं. म्हणून एकतर्फी मागायला जाताना प्रतींचा गठ्ठा, पाकिटं, पत्ते टाईप करून सगळं बॅगेत तयार ठेवा. समोरचे वकील हजर झाल्यावर पहिलं हेच तपासतात. तुम्ही प्रतिवादीकडून असाल तर तुम्हीही हेच तपासा. एखाद्याविरुद्ध दावा येणार असा सुगावा लागला तर सीपीसीच्या कलम १४८ अ प्रमाणे कॅव्हेट, म्हणजे आमचं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, टाका, ते ९० दिवस चालतं.

प्रतिवादीची कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ३० दिवसांत, फार तर ९०. साध्या दिवाणी दाव्यात उशीर माफ होऊ शकतो पण ते कोर्टाच्या मर्जीवर आणि खर्चावर, कमर्शियल दाव्यात मात्र १२० दिवसांनंतर दार कायमचं बंद. कैफियतीत "परिच्छेद ३ मधील मजकूर खोटा व लबाडीचा असून कबूल नाही" एवढ्यावर सोडू नका. खोटा आहे तर खरं काय ते लिहा. मोघम नाकारलं तर ते कबूल केल्यासारखं धरलं जाऊ शकतं.

उलटतपासाबद्दल सगळ्यांना विचारायचं असतं, पण तो लिहून शिकता येत नाही, थोडंच सांगते. सरतपास, म्हणजे साक्षीदाराची स्वतःच्या बाजूची साक्ष, आता शपथपत्रावर असतो, ते तुमच्या हातात आदल्या तारखेला येतं, ते दाव्याशी ओळीनं ओळ लावून वाचा, दाव्यात नाही ते शपथपत्रात काय आलंय आणि दाव्यातलं शपथपत्रात काय गळलंय. प्रश्न छोटा, एका प्रश्नात एकच गोष्ट. ज्याचं उत्तर कागदात आहे तेच विचारा. माझ्या पहिल्या दोन वर्षांत मी दुपारी कोर्टात बसून नुसत्या जबान्या उतरवून घ्यायचे, "हे म्हणणे खरे आहे की", "हे म्हणणे बरोबर नाही की", ही भाषा कानात बसली पाहिजे, कारण जबाब असाच लिहिला जातो आणि अपिलात फक्त लिहिलेलंच वाचलं जातं. साक्षीदाराचा चेहरा, त्याचं अडखळणं, काही वर जात नाही. टाईप होत असताना नजर स्क्रीनवर ठेवा. एकदा आमच्या साक्षीदाराने "पैसे मिळाले नाहीत" म्हटलं आणि त्यातला शेवटचा शब्द सुटला, करारपूर्तीच्या दाव्यात तेवढ्याने सगळं फिरलं असतं. मी लगेच उठून साहेबांच्या नजरेस आणलं, त्यांनी साक्षीदाराला पुन्हा विचारून तिथेच दुरुस्त केलं. जबाब वाचून दाखवल्याशिवाय पक्षकाराला सही करू देऊ नका, कितीही उशीर झालेला असो.

फीबद्दल. स्वतःची पहिली फाईल आली की फी किती आणि कशाची हे लिहून द्या, दाव्यापर्यंत किती, पुराव्याला किती, कोर्ट फी आणि भत्ता वेगळा. जिंकल्यावर जमिनीतला हिस्सा किंवा रकमेचे टक्के असलं काही ठरवू नका, बार कौन्सिलच्या नियमांनी ते बंद आहे, आणि आपल्याला त्या भांडणात मालकीण होऊन बसायचं नाहीये. पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेला, फी बाकी राहिली, तरी त्याची फाईल अडवायची नाही, सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना केसमध्ये सांगितलंय की वकिलाला कागदांवर असा हक्क नाही. मूळ कागद घेताना यादी करून एक प्रत त्याला द्या. आणि तडजोड होत असेल तर होऊ द्या, भावाभावांचं मिटत असेल तर आपली दहा वर्षांची तारखांची फी गेली म्हणून हळहळणारा वकील मला आवडत नाही. लोक न्यायालयात मिटलं तर कोर्ट फीही परत मिळते, तेही पक्षकाराला सांगा.

पुढे कुठे जायचं हे तिसऱ्या-चौथ्या वर्षी ठरवा. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कनिष्ठ स्तर परीक्षेला पुन्हा तीन वर्षांची वकिली लागते, ती तात्पुरत्या नोंदणीपासून मोजतात, पण दाखला लागतो, तेव्हा वकीलपत्रं आणि हजेरी असलेले रोजनामे जपून ठेवा, नुसतं नाव बोर्डावर लावून घरी अभ्यास केला तर तेव्हा पंचाईत होईल. हायकोर्टात जायचं असेल तर इंग्रजी मसुदा लिहायची सवय आत्तापासून. आमच्या भागातल्या मुलांना आधी मुंबईच गाठावी लागायची, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सगळे तिथे, आणि माझ्याकडच्या दोन मुली आता आठवड्यातून दोन दिवस एसटीने जाऊन-येऊन काम शिकतायत, हे बघून फार बरं वाटतं. विधी सेवा समितीच्या पॅनेलवर जरूर या, पैसे थोडे मिळतात पण पूर्ण दावा पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः चालवायला मिळतो.

शेवटचं, दरखास्त. यात कुणाला रस नसतो आणि पक्षकाराला तर फक्त यातच रस असतो. हुकूमनामा हा कागद आहे, ताबा मिळत नाही तोवर त्याचं पोट भरत नाही. १२ वर्षांची मुदत आहे म्हणून पडून राहू देऊ नका, तेवढ्यात माणसं मरतात आणि प्रत्येक वेळी वारस रेकॉर्डवर आणत बसावं लागतं. वाटपाच्या दाव्यात सरकारसारा भरणारी शेतजमीन असेल तर हुकूमनामा सीपीसीच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे जातो, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेखची मोजणी, आणि या प्रत्येक टेबलावर तुम्ही किंवा तुमचा पक्षकार स्वतः गेल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. ताब्याच्या वॉरंटच्या दिवशी बेलिफाबरोबर जा. मोजणीचा नकाशा, हुकूमनाम्याची नक्कल, दोन पंच गावाबाहेरचे, गरज वाटत असेल तर पोलीस बंदोबस्ताचा आदेश आधी घेतलेला. बेलिफ पंचनामा लिहील तेव्हा शेजारी उभं राहून चतुःसीमा आणि क्षेत्र हुकूमनाम्याशी ताडून बघा, हेक्टर-आरचा एक आकडा चुकला तर पुन्हा सगळं. खुणेचे दगड पुरून घ्या, त्यांचे फोटो घ्या, ताबे पावतीवर पक्षकाराची सही किंवा अंगठा. मग ऑफिसला येऊन अहवाल रेकॉर्डला लागल्याची खात्री करा, मूळ दस्त कपाटातून काढा, पहिल्या दिवशी केलेल्या यादीशी एकेक मोजून पक्षकाराच्या हातात द्या, पोच घ्या, आणि ती फाईल वरच्या कप्प्यात ठेवा, पुढच्या ज्युनियरला वाचायला.